दारातली बाई

कौन्सिलच्या माणसाने फोटो काढला होता तो भिंतीच्या तड्यांचा. गल्ली पाडायची होती, त्याला पुरावा हवा म्हणून. दारात उभी असलेली बाई त्याच्या हिशेबी नव्हतीच. कॅमेऱ्याने उजेड भिंतीपुरता धरलेला, त्यामुळे दाराबाहेर आलेलं तिच्या कडेवरचं मूल स्वच्छ दिसत होतं आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

विलायतेतल्या त्या बंदरात, गोदीजवळच्या गल्लीत एके काळी काळ्या खलाशांची बिऱ्हाडं होती, आता तिथे कार पार्क. जुन्या फोटोंतली धुराडी, खिडक्या, दारांचे नंबर ताडून कोण कुठे राहायचं, ते गल्लीचा इतिहास जमवणारे मालविका आणि अनुप शोधून काढत. कडेवरचं मूल म्हणजे मिसेस कोल, हेही त्यांनीच शोधलं. मिसेस कोल यांची आता पंचाहत्तरी उलटून गेलेली. आई लहानपणीच गेली, तिचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता.

“सावली उजळून बघ,” अनुप म्हणाला होता. “पण चेहरा मनाने भरू नकोस हं, मालविका. आपण शोधतो, रंगवत नाही.”

सावली उजळली. ॲप्रन आला, कोपर आलं. चेहरा काही येईना. तापाने फणफणलेली तिची लेक अन्वी त्या दिवशी कडेवरून उतरायला तयार नव्हती. तिला एका हाताने थोपटत मालविका त्या काळोखाकडे बघत राहिली. पोर बिलगलंय आणि कुणाला, तेच दिसू नये? तिला बघवेना. तिने चित्रं बनवणाऱ्या एआय मशीनकडून चेहरा भरून घेतला.

आधी सगळं सांगायचं, मग दाखवायचं, असं तिने घोकलं होतं. पण मिसेस कोल आल्या त्या हात पुढे करूनच, आणि फोटो घेतलाही.

“हीच! हीच माझी ममा. ही खळी बघ, अशीच पडायची.”

मालविका गप्प बसली असती तर खपून गेलं असतं.

“मिसेस कोल, ऐका ना. हा चेहरा मशीनने केलाय. मुळात तिथे काहीच नाहीये.” तिने मूळ फोटो पुढे सरकवला.

म्हातारीने डोळे मिटले.

“माझ्याकडे एक चेहरा होता गं, पोरी,” त्या म्हणाल्या. “पुसट होता, पण तिचा होता. आता डोळे मिटले की ही तुझी बाई येते.”

मालविकाने तो चेहरा भरलेला फोटो फाडला, कॉम्प्युटरवरूनही काढून टाकला. मिसेस कोल पुन्हा डोळे मिटून बसल्या होत्या.

“गेली ती बाई?” मालविकाने हळूच विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.