एकेचाळीस क्रमांकाचे कुंकू

सोमवार, २२ फेब्रुवारी १९८८. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही तिघे जण नागोयातील एका कारखान्याच्या फाटकाशी उभे होतो. फाटकाच्या दोन्ही बाजूंना प्लमची झाडे होती. पान एकही नव्हते, पण काळ्या फांद्यांवर पांढरी फुले उमलली होती. इंग्लंडमधील आमच्या कॉव्हेंट्रीची थंडी ओली असते, ती सावकाश हाडांत मुरते. येथील वारा कोरडा होता आणि थेट कानशिलांवर बसत होता.

"झाडाला वेड लागलंय," रॉय म्हणाला. "अंगावर कपडा नाही आणि नटून बसलंय."

रॉय आमच्या गिअर कारखान्याच्या टूलरूममधील, म्हणजे हत्यारे-साचे घडवणाऱ्या विभागातील, फिटर आणि युनियनचा प्रतिनिधी. मी फोरमन. तिसरा जयंत, आमचा विभागप्रमुख. त्याला धरून टूलरूममध्ये आम्ही अठरा जण होतो. विभाग बंद होणार, अशी कुजबुज वर्षभर चालू होती. जानेवारीत जयंतने सर्वांना एकत्र बोलावून सांगितले, की आपण जपानी पद्धत शिकून आलो तर टूलरूम वाचेल. निघताना मागे राहिलेल्या पंधरा जणांना मी शब्द दिला होता, की शिकण्यासारखे असेल ते सर्व घेऊन येईन.

जयंत शिकायला कॉव्हेंट्रीत आला, तेव्हा चार वर्षे आमच्याच घरी राहिला. मला दादा म्हणे, माझ्या पत्नीला, अलकाला, वहिनी. त्याच्याजवळ पदवी होती, माझ्याजवळ पुण्याच्या तंत्रनिकेतनाची पदविका. त्यामुळे यथावकाश तो माझा साहेब झाला. त्या दिवशी अलकाने शेजारच्या आयरिश कुटुंबालासुद्धा पेढे दिले.

आत शिरताना बूट काढून सपाता घालायच्या होत्या. रॉयची टाच सपातेच्या बाहेर लोंबत राहिली. तेथील पर्यवेक्षक हायाशी हे साठीचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांचे इंग्रजी सावकाश, पण स्वच्छ होते. त्यांनी आम्हांला एकेक यंत्र दाखवत शेवटी एका बंदिस्त, उबदार खोलीत नेले.

तेथील यंत्रावर एक फिक्श्चर बसवलेले होते. फिक्श्चर म्हणजे दाते कापताना गिअर जागच्या जागी धरून ठेवणारा पोलादी साचा. त्याला नवा हिरवा रंग दिलेला होता, तरी मी जागीच थांबलो. दर्शनी बाजूला ४१ हा आकडा कोरलेला होता आणि चारच्या आडव्या रेघेला बारीक शेपूट होते. ते कोरताना माझा हात घसरला होता. आकड्याच्या खाचेत लाल रेघ होती. मी नखाने ती खरवडली. नखाला कुंकू लागले.

खंडेनवमीला मी टूलरूममध्ये हत्यारांची पूजा करीत असे. अलका नारळाच्या वड्या देई, आणि त्या वड्यांपायी रॉय दसऱ्याची तारीख माझ्याआधी विचारून ठेवी. गेल्या वर्षी एकेचाळीस क्रमांकाच्या फिक्श्चरला कुंकू जयंतने लावले होते. डिसेंबरात ते फिक्श्चर टूलरूममधून हलले. शेफील्डला पुन्हा घासून घ्यायला पाठवले आहे, असे जयंतनेच मला सांगितले होते.

रॉयने आकडा पाहिला, मग खिडकीबाहेरची फुले पाहिली. "पॅडी," तो म्हणाला, "शेफील्ड बरंच बदललंय." माझ्या पद्माकर या नावाचे पॅडी त्यानेच केले होते.

हायाशींना विनोद कळला नाही. ते कमरेत वाकून म्हणाले, "आम्ही रंग दिला, पण तो लाल भाग झाकला नाही. जयंतसान म्हणाले, ते पवित्र आहे."

जयंत माझ्या मागेच उभा होता.

"हे तू सांगितलंस?" मी मराठीत विचारले.

"दादा, प्लीज, इथे नको. लंचला बोलू."

"इथेच बोल. यांना मराठी येत नाही."

"डिसिजन हेड ऑफिसचा आहे. सगळं प्रॉडक्शन इकडे शिफ्ट होतंय. मी फक्त पेपरवर सही केली."

"आणि मला शेफील्ड सांगितलंस."

"तुम्हांला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही खाली सगळ्यांना सांगितलं असतंत."

"सांगितलंच असतं."

"मग? म्हणूनच."

"आणि आज आम्हांला कशाला आणलंस?"

त्याने यंत्राकडे पाहिले. उत्तर यंत्रावरच होते. माप दाखवणाऱ्या डायलचा काटा थरथरत होता; फिक्श्चर नीट बसले नव्हते. त्याचे आठ बोल्ट एका ठरावीक क्रमाने आणि दोन टप्प्यांत आवळावे लागतात, नाहीतर तळ पीळ खातो. हा क्रम मी ज्याला त्याला हातात पाना देऊन शिकवत असे. नुसते सांगून तो कोणाच्या हाताला बसत नाही. जयंतलाही मी तसाच शिकवला होता, पण त्याने पाना हातात घेऊन बरीच वर्षे लोटली होती.

"दादा, एवढं सेट करून द्या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी नऊ जणांना दुसऱ्या डिपार्टमेंटला घेतो. तुम्ही सांगाल ते नऊ. माझा शब्द." आणि त्याने ४१ या आकड्यावर हात ठेवला. शपथ मी मागितली नव्हती.

मी सगळे रॉयला इंग्रजीत सांगितले. त्याने जयंतकडे पाहिलेसुद्धा नाही. "हाच ना तुझा धाकटा भाऊ? मी असतो तर सगळे बोल्ट उलटे आवळले असते."

"नऊ घरं आहेत, रॉय."

"त्याच्या तोंडात आहेत."

"दुसरीकडे कुठे आहेत, ते सांग."

मी कोट काढून पाना मागितला. जयंतने पिशवीतून व्हिडिओ कॅमेरा काढला. तो त्याने इंग्लंडहून बरोबर आणलेला होता. पहिला बोल्ट मी सैल करू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, जरा बाजूला सरका. चेहरा नको, हात दिसू देत."

मी सरकलो. आठही बोल्ट आधी सैल केले, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले, थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा त्याच क्रमाने आवळले. डायलचा काटा स्थिर झाला. हायाशी पुन्हा वाकले, या वेळी अधिक खाली. त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांना आम्ही पाहुणे वाटत होतो.

परतल्यावर पहिल्याच सकाळी रॉयने आणि मी टूलरूममध्ये जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले. मी नऊ नावे काढली. त्यांत माझे नव्हते. रॉयनेही स्वतःचे घालू दिले नाही. ज्यांची मुले लहान होती, ते प्रथम. नावे जयंतच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तो "ओके, दादा" म्हणाला.

एप्रिलमध्ये तो म्हणाला, "प्रोसेसमध्ये आहे." मे महिन्यात त्याची खोली रिकामी झाली; जपानशी समन्वय राखणारा व्यवस्थापक म्हणून तो मुख्य कार्यालयात गेला होता. जूनमध्ये एक अनोळखी तरुण टूलरूममध्ये आला आणि त्याने बंदची सूचना वाचून दाखवली. मी नऊ नावांविषयी विचारले. त्याने कागद खालीवर केले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "असं काही माझ्यापर्यंत आलेलं नाही."

त्या रविवारी घरी फोन वाजला. अलकाने उचलला.

"वहिनी, दादा आहेत का?"

"आहेत. समोरच बसलेत."

"जरा देता?"

अलकाने रिसीव्हर हाताने झाकून माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली.

"जयंता," ती म्हणाली, "चार वर्षं या घरात जेवलास. मागताना कधी लाजला नाहीस. सांगायला एवढं जड का रे गेलं?"

पलीकडून काय उत्तर आले, ते तिने मला सांगितले नाही.

त्या वर्षी दसऱ्याआधीच टूलरूमला कुलूप लागले होते. रॉयने तरीही तारीख विचारली. अलकाने वड्या केल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात आम्ही त्याच्या पान्यांना आणि माझ्या कॅलिपरला कुंकू लावले.

अठरांपैकी नोकरीत राहिलेले : एक.