माझ्या पोटातला हेर

मी बोलतोय, करडीच्या सेवकरामभाऊंच्या घरचा कॉम्प्युटर. धानाची पोती आणि शिलाई मशीन यांच्या मधे, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम. भंडाऱ्याच्या दुकानातून मला मोटरसायकलवर, भाऊंच्या बायकोच्या, गोदावरीबाईंच्या मांडीवर बसवून आणलं. दारात त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि कपाळ समजून स्क्रीनवर कुंकवाचं बोट ओढलं. एवढा मान बऱ्याच जावयांनाही मिळत नाही.

मला आणलं ते त्यांच्या लेकीसाठी, रुपासाठी. ती माझ्याशी नीट वागायची. सेवकरामभाऊ मात्र माझ्यासमोरून जाताना उगाच खाकरायचे. "मले काय समजते त्याच्यातलं," म्हणायचे. लबाड माणूस!

पुण्याच्या एका कंपनीत रुपाची मुलाखत ठरली. सोमवारी, माझ्याच कॅमेऱ्यासमोर. बाबा आधीच नाही म्हणाले तर सगळंच बारगळेल, म्हणून घरात तिनं कोणाला सांगितलं नाही. फक्त मैत्रिणीला, कामिनीला, माझ्यावरून लिहून कळवलं. त्याच संध्याकाळी सेवकरामभाऊ भात कालवता कालवता म्हणाले, "पुण्यात म्हणे खोली लय महाग रायते."

रुपाचा घास हातातच राहिला.

संशय माझ्यावर आला. येणारच. माझ्या पोटात कोणी हेर बसलाय आणि लिहिलेलं बाहेर पोचवतोय, हे तिनं ओळखलं. बाबांना विचारून उपयोग नव्हता, ते कानावर हात ठेवणार. असे हेर पकडायला अँटी-स्पायवेअर नावाचे राखणदार प्रोग्रॅम मिळतात. त्यातला कोणता खरा, हे ठरवायला रुपानं बापाचीच रीत उचलली. सेवकरामभाऊ नवं औषध कधी सगळ्या धानावर मारत नाहीत. आधी एका बांधीत, म्हणजे शेताच्या एका तुकड्यात मारतात, तुडतुडे गेले का पाहतात, मगच पुढं सरकतात. रुपानं ठरवलं, एका वेळी एकच राखणदार बसवायचा, कामिनीला एक खोटी गोष्ट लिहायची आणि ती बाबांच्या तोंडून बाहेर पडते का पाहायचं. कामिनीला फोनवर तसं सांगून ठेवलं.

पहिला राखणदार आला तो आरडाओरडा करतच. जरा काही झालं की लाल खिडकी उघडून "धोका सापडला" म्हणायचा. सापडायचा काय, तर जाहिरातींचा केरकचरा. मला नुसती धाप लागली. रुपानं कामिनीला लिहिलं, "मी केस कापून खांद्यापर्यंत करून राहिली." संध्याकाळी सेवकरामभाऊ बायकोला म्हणाले, "पोट्टीच्या केसाले तेल लावत जाय. लंबे केसच चांगले दिसतेत." पहिला नापास.

दुसरा फुकटात मिळाला होता आणि गोड बोलायचा. "तुमचा संगणक अगदी निरोगी आहे," असं हिरव्या अक्षरांत सांगायचा आणि मागच्या दारानं स्वतःचेच दोन पाहुणे आत घ्यायचा. माझी पार धर्मशाळा करून टाकली त्यानं. रुपानं लिहिलं, "आजपासून मासे, झिंगे सगळं बंद." त्या दिवशी घरात नेमकी झिंग्यांची भाजी. गोदावरीबाई वाढायला लागल्या तर सेवकरामभाऊ म्हणाले, "तिले देऊ नोको, सोडले तिनं."

"कवा सोडले?" गोदावरीबाई पळी धरून तशाच थांबल्या. "सकाळी तं साफ करताना मोठे मोठे बाजूले काढून राहिली होती."

सेवकरामभाऊंना ठसका लागला. रुपानं त्यांच्याकडे बघत बघत वाटीभर झिंगे खाल्ले. दुसराही नापास.

तिसरा अबोल होता. रविवारी दुपारी आला, मुकाट्यानं माझा कोपरा न कोपरा तपासला आणि एकच ओळ दाखवली. इथं टाईप केलेलं सगळं या मोबाईलवर जातं. खाली नंबर होता. रुपाला तो पाठ होता. लहानपणी जत्रेला जाताना, हरवलीस तर सांग म्हणून, बाबांनीच तिच्याकडून घोकून घेतला होता.

मला हे सगळं माहीत होतं. शहापूरला मोबाईलचं दुकान असलेला भाचा, मनिष, हा हेर बसवून गेला तेव्हा सेवकरामभाऊ दारात राखण करत उभे होते. पण मला विचारतो कोण?

"काढून टाकू?" तिसऱ्यानं पडद्यावर विचारलं. रुपाचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. तिचे डोळे भरून आले होते. मग ती लिहायला लागली, पण कामिनीला नाही.

"बाबा, उद्या माझी पुण्याच्या नोकरीची मुलाखत आहे. तुम्ही नाही म्हणाल, या भेवानं सांगितलं नाही. मले तुमचा लय राग आला. विचारलं असतं तं सांगितलं असतं. मुलाखत मी देणार आहे."

अंगणात फोन वाजला. सेवकरामभाऊ चष्मा हातात धरून आत आले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

"काहून केलं बाबा असं?" रुपानं विचारलं.

"तू बोलतच नव्हती. काही विचारलं का, 'काही नाही'. मले वाटे, एक दिवस चालली जाशील अन् मले मालूमही नाही होणार." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोणतं बटन आहे ते?"

रुपानं दाखवलं. त्यांनी आपल्या जाड बोटानं ते दाबलं आणि हेर गेला. माझं अंग हलकं झालं.

"अन् आता तिकडं तू जेवली का नाही, मले कसं समजन?"

"फोन करून विचारत जा."

मला विचाराल तर राखणदार तिसऱ्यासारखा ठेवा, जो बोलतो कमी आणि पाहुणे आणत नाही. पण आपल्या माणसाच्या मनात काय आहे ते पाहायला मला कामाला लावू नका. माझ्याच्यानं ते होत नाही.

रुपा आता पुण्याला असते. मी धानाचे भाव दाखवण्यापुरता उरलोय. रोज संध्याकाळी सेवकरामभाऊ माझ्याजवळच्या खिडकीत येतात, तिथं रेंज चांगली असते.

"जेवली का?"

"जेवली, बाबा."

खरंच जेवली की नाही, ते मला दिसत नाही. त्यांनाही दिसत नाही. ते "बरं" म्हणतात, फोन खिशात ठेवतात आणि मगच स्वतः जेवायला बसतात.