पाच दारांची शेळी

मी शेळी बोलतेय. कदाचित तुम्ही मला पाहिलंही असेल. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, बाजूला हात जोडून उभी असलेली एखादी बाई आणि मागे हसणारे परदेशी पाहुणे, असा माझा फोटो दूरदेशीच्या एका चर्चच्या भिंतीवर लागलाय म्हणे. एका हिवाळ्यात मी पाच जणींना दान दिली गेले. आज त्या पाचांपैकी एकीच्याही दारात मी नाही.

जात माझी उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, पण आमच्या जातीचं नाव बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. काळाभोर रंग, लांब कान, आणि एका वेताला दोन करडं देणारी म्हणून आमचा लौकिक. थोडी ऐट मारतेय, मारू द्या. ती सोडली तर माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही.

जन्म सोनारीचा, धुळाप्पा धनगराच्या कळपातला. मी महिन्याची असताना त्यानं मला मांडीवर घेतलं आणि डाव्या कानाच्या टोकाला कात्रीनं खाच पाडली. "हरवलीस तर खूण पायजे गं," असं म्हणत वर हळद दाबली. कान दोन दिवस ठणकला, पण मला राग आला नाही. आपल्याला कुणीतरी हरवू देणार नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. लहान होते.

दीड वर्षाची झाले आणि धुळाप्पानं कळप कमी करायला काढला. बाजारात शेळी घेणारा माणूस दात बघतो, कास चाचपतो, कमरेवरून हात फिरवतो. कळंबहून आलेल्या हिंमतरावानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या डोळ्यांवर बॅटरी मारली. मी जागची हलले नाही.

"ही बिचकत न्हाय," तो खूश होऊन म्हणाला. "हीच द्या."

धुळाप्पाला हसू आलं. "हिंमतराव, शेळी घ्यायलाव का नवरी बघायलाव?"

मीही मनात हसले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

परदेशातलं एक चर्च दर हिवाळ्यात आपली माणसं इकडच्या खेड्यांत पाठवतं. याला ते मिशन ट्रिप म्हणतात. माणसं भली. शाळा रंगवतात, औषधं वाटतात, गाणी म्हणतात आणि गरजू घरांना शेळ्या देतात. त्यांची इथली सगळी व्यवस्था हिंमतराव बघायचा. त्या हिवाळ्यात पंधरा घरांना पंधरा शेळ्या द्यायच्या होत्या. हिंमतरावानं तीन आणल्या.

आम्ही तिघी पंधरा कशा झालो, ते सोपं होतं. गावात मंडप पडायचा, हार घातला जायचा, पाहुणे माझ्या पाठीवर हात ठेवून प्रार्थना म्हणायचे. डोळे मिटून. डोळे मिटलेल्या माणसाला शेळी ओळखता येत नाही, आणि डोळे उघडल्यावरही त्यांना सगळ्या काळ्या शेळ्या एकच वाटायच्या. फोटोचा लखलखाट डोळ्यांवर पडला तरी मी बिचकत नसे, आणि हिंमतरावाला तेवढंच हवं होतं. फोटो झाला की पाहुणे पुढच्या गावाला जायचे. चार-सहा दिवसांनी हिंमतरावाचा टेम्पो दारात यायचा.

"विम्याचा बिल्ला मारायचाय कानात. चार दिसांत आणून सोडतो."

विमा म्हटल्यावर कोण नको म्हणेल? पहिल्या दारातली विठाबाई तर पाटीभर पाला घेऊन टेम्पोमागे धावली, वाटेत मला भूक लागेल म्हणून. मीही मान वळवून तिला बघत राहिले. मलाही ते चार दिवस खरेच वाटले होते. दुसऱ्या गावात पुन्हा हार पडला तेव्हा समजलं. त्यानंतर मी कुठल्याच घराला जीव लावायचा नाही असं ठरवलं, आणि ते ठरवणं चौथ्या दारापर्यंत टिकलं.

चौथं दार माकणीकडच्या एका गावातलं, दैवशालाचं. तिच्या सहा शेळ्या मागच्या पावसाळ्यात रोगानं एका आठवड्यात गेल्या होत्या. रिकामी दावी अजून खुंट्यांना तशीच बांधलेली होती. मंडपात माझी दोरी तिच्या हातात दिली तेव्हा ती फोटोवाल्याकडे बघायचं सोडून माझ्यापुढे बसली. माझा जबडा उघडून तिनं दात मोजले. मग पोटाखाली हात घातला आणि तिचा हात दुसऱ्या एका हाताला लागला.

तो हात पेनिनाचा होता. पेनिना पाहुण्यांतलीच, पण मूळची आफ्रिकेतल्या केनिया देशातल्या एका खेड्यातली. लहानपणी तिनंही शेळ्या राखल्या होत्या. नर्सच्या नोकरीसाठी परदेशात गेली आणि तिथल्या चर्चबरोबर इकडे आली. बाकीचे पाहुणे माझ्या पाठीवर हात ठेवायचे, हिनं एकटीनं माझ्या पोटाला हात लावला.

दैवशालानं दोन बोटं वर केली. पेनिनानं मान हलवली आणि दोन बोटं वर केली. पोटात दोन करडं आहेत यावर दोघींचं एकमत झालं आणि दोघी पोरींसारख्या हसल्या.

भाषा सांगायला मंजुषा नावाची कॉलेजातली मुलगी होती. दैवशाला तिला म्हणाली, "बाई, त्या पोरीला सांग. फुकटचं जनावर लाभत न्हाय. म्या अर्धलीनं घेते. दोन झाली तर एक माझं, एक तिचं. तिचं म्या वाढवीन, येईल तवा घेऊन जा म्हणावं."

अर्धल म्हणजे एकाची शेळी दुसऱ्यानं सांभाळायची आणि करडं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. पेनिनाला हे कळल्यावर तिचे डोळेच भरून आले. तिची आजी अशीच शेळ्या द्यायची म्हणे. मग तिनं मंजुषाला एक गंमत सांगितली. तिच्या लहानपणी त्यांच्या गावातही असेच पाहुणे यायचे आणि दर वर्षी शाळेची एकच भिंत रंगवायचे. भिंत चांगलीच असायची. पण आलेल्यांना काहीतरी काम हवं, त्यांचा हिरमोड नको, म्हणून आदल्या दिवशी गावातली पोरं ती कोळशानं माखून ठेवायची. दैवशाला पोट धरून हसली. मला ती गोष्ट तेव्हा गमतीचीच वाटली.

दैवशालाकडे मी नऊ दिवस राहिले. तुरीचं भुसकट, बाभळीच्या शेंगा, सांजच्याला भरडा. काळ्या दोऱ्यात ओवलेला निळा मणी तिनं माझ्या गळ्यात बांधला आणि माझं नाव काजळी ठेवलं. पाच दारांत पाच नावं पडली मला, त्यातलं हेच मी माझं मानते. "काजळे" अशी हाक आली की माझे कान आपोआप उभे राहायचे. करडं याच दारात व्हावीत असं मला वाटू लागलं. आयुष्यात मी एवढंच मागितलं होतं.

दहाव्या दिवशी टेम्पो आला. बिल्ल्याचं ऐकून दैवशालानं स्वतःच दोरी सोडून दिली.

"जपून न्या. गाभण हाय," ती म्हणाली.

"आक्का, घरच्यावानी सांभाळतो," हिंमतराव म्हणाला. गाव मागं पडल्यावर त्यानं निळा मणी खेचून काढला आणि टेम्पोच्या कोपऱ्यात टाकला.

पाचवा मंडप त्याच दुपारी होता, पाहुण्यांचा इथला शेवटचा दिवस. पुन्हा हार, पुन्हा कुंकू. गर्दीत मला पेनिना दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. हिला कळणार. दात मोजलेली बाई आहे ही.

तिला कळलं. ती पुढे आली आणि बोलता बोलता थांबली. तिनं माझा डावा कान उचलून खाच पाहिली. पोटाखाली हात नेला. मग ती मंजुषाकडे बघू लागली, आणि मंजुषानं मान खाली घातली. मी जोरात ओरडले. एवढं स्पष्ट मी कधी ओरडले नव्हते.

तेवढ्यात त्यांच्यातले म्हातारे पुढारी प्रार्थना म्हणायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांना रडू आलं, इतकं त्यांना आपल्या हातून झालेल्या कामाचं समाधान होतं. पेनिनानं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या कानावरचा तिचा हात हळूच निघाला. मग ती माझी दोरी धरून, लहानपणी त्या भिंतीपुढे उभी राहत असेल तशीच, फोटोसाठी हसत उभी राहिली.

हिंमतरावाचा मला राग आहे, पण तो मला कधीच आपला वाटला नव्हता. पेनिना वाटली होती. तिचं ते हसणं मला आजही सहन होत नाही.

पाचव्या दारातूनही टेम्पोनं मला उचललंच. महिन्याभरानं मी हिंमतरावाच्या शेतातल्या गोठ्यात व्याले. एक बोकड, एक पाट म्हणजे मादी करडू. दैवशालाच्या हातानं सांगितलं होतं तसंच.

मंजुषाच्या मनाला ते खात असावं. एक दिवस ती माकणीकडे गेली आणि दैवशालाला सगळं सांगितलं. दोघी एसटीच्या दोन गाड्या बदलून कळंबला आल्या आणि गोठ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज ऐकून शेजारचे योगीराजअप्पा आणि आणखी दोघं-तिघं जमले. मी बाहेर खुंट्याला होते. करडं आत झोपली होती, कुडाचं दार ओढलेलं होतं.

"ही माझी काजळी," दैवशाला म्हणाली.

"आक्का, काळ्या शेळ्या जिल्हाभर हायेत. ही म्या बाजारातनं घेतलीया."

दैवशालानं माझी कास पाहिली आणि तिचा चेहरा फुलला. "व्यायली? काय झालं?"

"दोन झाली. दोनीबी गेली," हिंमतराव म्हणाला. डोळ्याची पापणीही न हलवता.

ती योगीराजअप्पांकडे वळली. "अप्पा, तुमी वडीलधारे. हिला सोडा. माझ्या हाकंला आली तर माझी. न्हाय आली तर म्या पुन्ना ह्या वाटंला येणार न्हाय. पाच मान्सांत बोलते."

आमच्याकडे जनावराचा वाद असाच मिटवतात. अप्पांनी मान डोलावली आणि स्वतः माझं दावं सोडलं. हिंमतराव मागे सरकला आणि कुडाला टेकून उभा राहिला.

"काजळे! ये गं, काजळे!"

मी निघाले. धावतच निघाले. दहा पावलं गेले असेन, तोच हिंमतरावानं पाठीमागच्या हातानं कूड खडखडवला आणि आत माझी करडं जागी झाली. दोघंही एकदम ओरडली.

माझी कास दाटून आली. पाय जागीच थांबले. समोर दैवशाला हात पसरून उभी होती आणि मागून लेकरं हाका मारत होती. मी वळले. कुडाच्या दाराला डोकं लावून उभी राहिले.

करडांचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता.

"हिंमतराव, ही लबाडी झाली," योगीराजअप्पा म्हणाले.

"असंल. पर बोल बाईचा व्हता."

"व्हय, बोल माझाच व्हता," दैवशाला म्हणाली. मंजुषा रडत भांडायला लागली, तर तिनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, बाई. पाच मान्सांत बोलले म्या."

जाण्याआधी तिनं करडं बघायला मागितली. अप्पांनी स्वतः दार उघडलं. तिनं पाट उचलून छातीशी धरली, कनवटीला आणलेला दुसरा निळा मणी काढला आणि तिच्या गळ्यात बांधला. "ही त्या पोरीची. अर्धल म्हणजे अर्धल." मग माझ्या कपाळावर हात ठेवला. "तुझं काय चुकलं न्हाय गं. आई हायेस."

रागावली असती तर बरं झालं असतं. इतके दिवस मी स्वतःला फसवलेल्यांत धरत होते. त्या दिवशी ती माणसं साक्षीला असताना तिला रिकाम्या हातानं परत पाठवणारी मीच होते.

आता पावसाळा संपत आलाय. माझा बोकड बाजाराला गेला. पाट सात महिन्यांची झालीय, काळीभोर, लांब कानांची, अगदी माझ्यावर गेलीय. हिवाळ्यात पाहुणे पुन्हा येणार आहेत. परवा हिंमतराव गोठ्यात आला, खिशातून मोबाईल काढला आणि तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. माझी लेक हलली नाही. तो हसला.

पेनिना, यंदाही येणार असशील तर एवढं ऐक. तुझ्या वाट्याचं करडू इथं आहे. मंडपात येईल तेव्हा त्याच्या गळ्यात मणी नसेल, तो काढलेला असेल. तू दात बघ, माझे कान आठव, आणि या खेपेला बोल. तिला दैवशालाच्या दारात नेऊन बांध. तिथली दावी अजून रिकामीच असतील.

तू बोलशील असा भरवसा मला आता नाही. म्हणून मी माझ्या परीनं सुरुवात केलीय. रोज सकाळी लेकीच्या अंगावर शिंगं रोखून धावून जाते, दचकवते, दूर पळायला लावते. तिला वाटतं आईचं डोकं फिरलंय. कालपर्यंत ती जागची हलत नव्हती. आज पहिल्यांदा बिचकली.