नळ्या गोठल्या त्या दिवशी

मी फाटक्या तोंडाचा माणूस. आधी बोलून मोकळा होतो आणि मग बसतो निस्तरत. पण ह्या खेपेला निस्तरलंच नाही, म्हणून सांगतोय.

पोलंडमधल्या सुवाऊकी गावाच्या वेशीवर माझं गाड्या धुवायचं केंद्र आहे, चार खणांचं. नाणं टाका, फवारा उचला, आपली गाडी आपणच धुवा. हिवाळ्यात गर्दी जास्त, कारण रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीचा पत्रा खातं. पण हिवाळ्यातच यंत्राचा जीव जातो. पाणी थांबलं की गोठलं, गोठलं की नळी फुटली. म्हणून शून्याच्या खाली गेलं की चारी फवाऱ्यांतून बारीक धार सतत चालू ठेवायची.

हे काम सतरा वर्षं झेनॉन करायचा. माझ्याकडे पगारी होता, पण वयाने बरोबरीचा, अरेतुरेतला. हवा हुंगून म्हणायचा, "लेशेक, आज उणे दहाच्या खाली जाणार बघ," आणि जाऊन धारा हाताने सोडून यायचा. अंदाज कधी चुकला नाही. पाणी मात्र बक्कळ जायचं, आणि खाली बर्फाचा थर साचायचा. तो थरही पहारीने झेनॉनच फोडायचा.

नोव्हेंबरात मी एक सेन्सर आणला. थंडी पडली की धार आपोआप सुरू, ऊब आली की बंद. शिडीवर चढून मीच तो भिंतीला ठोकला.

झेनॉन खालून म्हणाला, "मशीनला नाक नसतं रे."

"तुझं नाक आता पेन्शनीत काढ," मी म्हणालो. दोघंही हसलो.

बावीस डिसेंबरच्या संध्याकाळी तो हातमोजे घालून निघाला. "आज फार पडणार आहे. धारा हातानेच सोडतो."

"हात लावायचा नाही!" मी खेकसलो. "एवढा पैसा ओतलाय, तो काय शोभेला? मशीन बघेल."

"अरे, पण आजच्या दिवस तरी..."

"मालक कोण आहे इथे?"

त्याने हातमोजे काढले आणि घरी गेला.

सकाळी उणे बावीस. नाताळ तोंडावर, अख्ख्या गावाला सणाला गाडी चकचकीत हवी, त्यामुळे उजाडायच्या आत रांग लागलेली. पहिल्याने नाणं टाकलं, फवारा दाबला, थेंब नाही. पंप गुरगुरला आणि दुसऱ्या खणातली नळी फाडकन फुटली. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काय लेशेक, आज बर्फाने घासायच्या का गाड्या?" सगळे खो खो हसले.

झालं, माझं डोकं फिरलं. राग काढायला कोणीतरी हवं होतं आणि समोर झेनॉन उभा होता.

"ह्यानेच केलं!" पंचवीसएक माणसांसमोर मी बोट दाखवून ओरडलो. "काल ह्यानेच काहीतरी खुडबूड केली! मशीन आल्यापासून पोटात दुखतंय ह्याच्या!"

झेनॉनने एकदा वर भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. खिशातून किल्ल्या काढल्या, खिडकीत ठेवल्या आणि चालू लागला. मला वाटलं, हीच कबुली. काय पण अक्कल माझी!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली. सेन्सरवर आकडा होता अधिक सहा. बाहेर हाडं गोठत होती आणि ह्याला वसंत लागला होता. बघतो तर बरोबर खाली, हातभर अंतरावर, बॉयलरच्या धुराड्याचं तोंड. सगळी गरम हवा त्याच्यावर. जागा मीच निवडली होती, तिथवर तार पुरत होती म्हणून.

मग मी काय केलं? सेन्सर उपटला, उत्तरेच्या भिंतीला लावला आणि गप्प बसलो. झेनॉनचं घर चालत दहा मिनिटांवर. माझी बायको बोझेना म्हणाली, "अरे, सणाचा दिवस आहे, जा, भेटून ये त्याला." मी म्हटलं, सण होऊ दे. सण झाला. मग म्हटलं, नवीन वर्ष लागू दे. मग म्हटलं, नळ्या बदलून होऊ देत. लाज वाटत होती, दुसरं काय!

तोवर गावभर झालं होतं, लेशेकचं यंत्र गोठवलं ते झेनॉनने. दुसऱ्या एका केंद्रावर तो काम मागायला गेला, तर दारातूनच परत पाठवला. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस नॉर्वेला मासे साफ करायला गेला, हे मला पावाच्या दुकानात कळलं.

मार्चात त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याची बायको हालिना, तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं ओकून टाकलं. "चूक माझी होती, वहिनी. त्याच लोकांसमोर सांगतो हवं तर. झेनॉनला परत बोलवा."

"त्याला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच सकाळी दिसलं होतं त्याला, सेन्सर कुठे ठोकलाय ते."

"मग तिथेच बोलला का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, एवढ्या लोकांत त्याची कशाला शोभा करू? उद्यापर्यंत कळेलच त्याला. कळलं की धावत येईल, तसाच आहे तो."

मला तिच्याकडे बघवेना.

"लेशेकभाऊ, नाताळच्या आदल्या रात्री एक ताट आपण सगळेच जास्तीचं मांडतो, कोणी वाटसरू आला तर म्हणून. येत कोणीच नाही. ह्या वर्षी ते त्याने स्वतःच्या हाताने मांडलं, आपल्या शेजारी. जिच्यावर जेवायला बसतो ती पहिली चांदणी निघाली, नातवंडं भुकेने रडकुंडीला आली, तरी बसू देईना. बीटाचं सार तीनदा गरम केलं मी. म्हणत होता, थांब गं, लेशेक येतोय."

तिने दार लोटून घेतलं.

नाताळच्या आदल्या त्या संध्याकाळी मी काय करत होतो, ते मला लख्ख आठवतं. कोट चढवून आमच्या फाटकापर्यंत गेलो होतो, आणि थंडी फार आहे म्हणून परत फिरलो.