चाळीस ग्रॅम जास्तीचा स्पॉयलर

अहो, इकडेतिकडे नको, जरा वर बघा. त्या उंच काळ्या गाडीच्या मागच्या काचेवर, टोपीच्या पुढच्या कडेसारखं जे बाहेर आलंय ना, ते मी. मी स्पॉयलर बोलतोय. गाडीच्या कारखान्यानं मला बसवलेलं नाही. गाडी घेतल्यावर हौस म्हणून लोक आम्हांला वेगळं लावून घेतात. गाडी जोरात धावली की टपावरून येणारा वारा मागे गटांगळ्या खातो आणि गाडीला ओढून धरतो. त्या वाऱ्याचा डाव मी बिघडवतो, म्हणून हे नाव. बाकी मी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. एका तुळईचं तेवढं सोडा.

आमचा सगळा तोरा हलकेपणाचा. मी कार्बनच्या कापडाचा आहे. कापडच म्हणायचं, कारण ते गुंडाळीवर येतं, काळंभोर, तिरक्या विणीचं, आणि हातात घेतलं की सुळकन निसटतं. ते साच्यात थरावर थर घालून बसवायचं, प्रत्येक थराला रेझिन, म्हणजे वाळल्यावर दगड होणारा चिकट रस, पाजायचं, मग साचा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा खेचून घ्यायची आणि भट्टीत भाजायचं. बाहेर येतो तेव्हा मी लोखंडाला लाजवेन इतका कडक असतो, आणि उचलायला दोन बोटंही पुरतात.

ज्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला तिथं माणसं मोजून तीन. मालक, तोंडाचे गोड आणि मनाचे घाईचे. तपासनीस, ज्याला सगळे तोळामासा म्हणत. प्रकृतीवरून नव्हे, ती चांगली दणकट होती, त्याच्या वजनकाट्यावरून. हा गृहस्थ चहात साखर घालतानाही आधी काट्याकडे बघायचा. आणि तिसऱ्या काकू.

काकू मूळच्या शिवणकामातल्या. तीस वर्षं त्यांनी दुकान चालवलं. शाळेचे गणवेश, कोट, पडदे, सगळं शिवलं. मग तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं आणि मशीनवर धूळ बसायला लागली. कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं, की कार्बनचं कापड कापायला शिवणारा हातच लागतो. मालकांनी त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. जमलं तर कायम, नाही जमलं तर घरी.

काम करताना काकू कापडाशी बोलायच्या. माझा पहिला थर साच्यात बसवताना म्हणाल्या, "मुलगी म्हणते, आई, पन्नाशी उलटली, आता घरी बस. मला बसून शिवायची सवय आहे बाबा, नुसतं बसायची नाही." भट्टीत जायच्या आधीच मला कळून चुकलं, की या बाईला नोकरी हवी आहेच, पण त्याहून जास्त काहीतरी हवं आहे. आपला हात अजून कामाचा आहे, एवढं त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी एकटीनं केलेला मी पहिला नग. आणि माझ्यावरच त्यांनी घोळ केला.

रीत अशी, की कापड साच्याच्या कडेबाहेर थोडं लोंबू द्यायचं आणि भट्टीतून काढल्यावर चकतीच्या कटरनं ते सपाट उडवायचं. काकूंना हे दोनदा सांगितलं होतं. पण हाताला सांगितलेलं थोडंच कळतं! शिवणाऱ्या बाईनं कापडाची कड उघडी ठेवायची म्हणजे जेवायला वाढून पाणी न देण्यासारखं. त्यांनी माझ्या मागच्या कडेला दोन बोटं कापड जास्त सोडलं, भाजण्याआधीच ते आत वळवलं, रेझिननं दाबून बसवलं आणि परकराला पट्टी घालावी तशी माझी कड दुमडून टाकली. त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. मशीन असतं तर वर टीपही मारली असती.

तोळामाशानं मला काट्यावर ठेवलं. आकडा बघितला, मला उचललं, काटा पुसला, पुन्हा ठेवलं.

"चाळीस ग्रॅम जास्त!" तो असा ओरडला, जणू काही शेडला आग लागली.

चाळीस ग्रॅम म्हणजे एक लिंबू हो. पण आमच्या जगात लिंबूही जड. मालक धावत आले. त्यांनी मला पालथं केलं आणि आतली घडी बघून कपाळाला हात लावला.

"काकू, हे काय केलंत?"

"कड दुमडली," काकू म्हणाल्या. "कापड आहे ना? कातरलेली कड तशीच सोडली तर उसवते."

"हे कापड नाही, कार्बन आहे! आणि आपण हलकेपणा विकतो. लोक त्याचेच पैसे देतात."

"उसवेल हो पण," काकू हळूच म्हणाल्या. ते कुणी ऐकलं नाही.

तोळामाशानं ब्रश घेतला आणि माझ्या पोटावर लालभडक फुली मारली. नापास. खोटं कशाला बोलू, मला काकूंचा भयंकर राग आला. माझ्या बरोबरीचे नग खोक्यांत बसून ऐटीत गावोगाव निघाले आणि मी आपला कोपऱ्यात, झाडूशेजारी. जन्मालाच पाचर मारली या बाईनं, असं मी मनात म्हणत होतो. काकू मात्र त्या दिवसापासून मुकाट्यानं सांगितलं तसंच करू लागल्या. कड सपाट, वजन बरोबर. जाता-येता माझ्यावरची धूळ तेवढी फडक्यानं पुसायच्या, आणि मला तेही आवडायचं नाही.

पंधरवड्यानं मालकांना तोड सुचली. "आमच्या ताईच्या गाडीला लावून टाकू. तिला काय, काळं आणि चकचकीत असलं म्हणजे झालं. ती कुठं वजन करत बसणार!"

अशा रीतीनं नापास झालेला मी घरच्याच माणसाच्या गळ्यात पडलो.

ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण, दातांची डॉक्टर. गाडी तिची एकदम जोरकस. पायाच्या अंगठ्यानं डिवचलं तरी उसळी मारेल अशी. आणि ती जायची कुठं? घरापासून दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात, वाटेत अकरा गतिरोधक. वाऱ्याचा डाव काय बिघडवणार? वारा माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. सिग्नलला एखादा स्कूटरवाला तोंड वर करून माझ्याकडे बघायचा, तेवढीच कमाई. हलकेपणाचा एवढा बोभाटा, आणि गाडीत मागे सहा महिन्यांची रद्दी पडलेली! माणसांची हौस आणि माणसांचा हिशेब यांची गाठ कधी पडत नाही, हे मी तिथं शिकलो.

गाडीत रोज आणखी एक प्रवासी असायच्या. ताईच्या सासूबाई. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या चाकांच्या खुर्चीत बसत आणि रोज व्यायामाच्या वर्गाला जात. खुर्ची डिकीत. म्हणून घराखालच्या गॅरेजमध्ये डिकी दिवसातून दोनदा उघडायची, जाताना आणि येताना. त्या गॅरेजचं छत बुटकं. त्यात मधोमध एक काँक्रीटची तुळई. डिकीचं दार वर गेलं की त्याच्या माथ्यावरचा मी उचलला जायचो आणि माझी कड थेट त्या तुळईवर. ठक्क!

पहिल्या दिवशी मला वाटलं, संपलो. ताईही किंचाळली. सासूबाईंनी खुर्चीतून मान वर केली आणि विचारलं, "हे वर काय बसवलंयस गं? कपडे वाळत घालायला?"

"गाडी पळताना उपयोग होतो आई त्याचा."

"मग पळव की एकदा. रोज उभ्या गाडीला का धडकतंय ते?"

दुसऱ्या दिवशी ठक्क. तिसऱ्या दिवशी ठक्क. ताई म्हणायची, उद्यापासून गाडी बाहेर उभी करीन. तो उद्या काही उजाडला नाही. माणसं रोजच्या ठेचेला सवय म्हणतात. असे साडेचार महिने गेले.

मग एक दिवस तुळईचं प्लास्टर पडलं. चांगला वीतभर तुकडा, सासूबाईंच्या पायाशी. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि हुकूम सोडला, "चल तुझ्या भावाकडे. आत्ता. उद्या हे माझ्या टाळक्यात पडेल."

आम्ही वर्कशॉपवर पोचलो तेव्हा भर दुपार होती. गाडी उघड्या दाराशीच थांबली, म्हणून मला आतलं सगळं दिसत होतं. टेबलावर माझी चार भावंडं ओळीनं पडली होती. चौघांच्याही मागच्या कडा फुटल्या होत्या. कुणी छताला आपटलं होतं, कुणी गाडी धुण्याच्या यंत्रात सापडलं होतं. जिथं कटरनं सपाट कापलं होतं तिथून थर सुटले होते आणि काळे धागे बाहेर लोंबत होते, जुन्या टॉवेलच्या कडेला लोंबतात तसे. गिऱ्हाइकांनी शिव्यांसकट परत पाठवले होते. टेबलापलीकडे काकू उभ्या होत्या. त्यांची मोठी कात्री फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलेली होती.

"कापणं तुमच्याकडेच होतं काकू," मालक खाली बघत म्हणत होते. "सहा महिने या आठवड्यात पुरे होतायत. मला वाटतं, आपण इथंच थांबू."

काकूंनी मान हलवली. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पिशवीचे बंद बांधायला लागल्या, आणि ते काही केल्या बांधले जाईनात. तेव्हा मला तोंड असतं ना, तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

तेवढ्यात सासूबाईंची खुर्ची आत आली. त्यांनी प्लास्टरचा तुकडा टेबलावर आदळला.

"हे बघा तुमच्या वस्तूचे प्रताप! आमची तुळई फोडली."

मालकांनी तुकडा बघितला, मग दारातून गाडीकडे बघितलं. "तुळई फुटली? म्हणजे स्पॉयलर फुटला असेल."

"त्याला काय धाड भरलीय! तुळई फुटली म्हणतेय मी. दिवसातून दोनदा आपटतोय साडेचार महिने."

मालक बाहेर आले. माझ्या कडेवरून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. चकाकी ठिकठिकाणी खरवडली होती, पण फट नाही, धागा नाही. त्यांनी नख घालून बघितलं. नख शिरायला जागाच नव्हती. मग खाली वाकून माझं पोट बघितलं, आणि लाल फुली दिसल्यावर त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तोळामासाही मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं फुली ओळखली. ब्रश त्याचाच होता.

मग मालकांनी हाक मारली. "काकू, जरा बाहेर येता?"

काकू पिशवी घेऊनच आल्या.

"कापडच आहे हो हे," मालक म्हणाले. "चुकलं माझं. ती पिशवी आत ठेवा."

आता कुणीही सांगितलं असतं, मी म्हटलंच होतं. काकू तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्या कडेला हात लावला, घडी चाचपली आणि नाक मुरडलं. "दोन बोटं उगाच घेतली मी तेव्हा. एक बोट पुरेल. वीस ग्रॅम वाचतील." मग तोळामाशाकडे वळून म्हणाल्या, "चालेल का रे?"

तोळामाशानं वहीत वजनाचा जुना आकडा खोडला आणि शेजारी वीस ग्रॅम वाढवून नवा लिहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. नंतर तो फडकं आणि थिनर घेऊन माझी फुली पुसायला आला. अर्धा तास घासलं, पण निघेना. रंग पक्का वापरतो ना तो, कामात चोख माणूस.

ताईनं मला काढू दिलं नाही. सासूबाईही विरघळल्या होत्या, पण तुळईचा प्रश्न होताच. तो काकूंनीच सोडवला. आपल्या जुन्या दुकानातल्या उरलेल्या पडद्याच्या कापडाची लांबट गादी शिवली, आत स्पंज भरला आणि रविवारी स्वतः येऊन तुळईला बांधून गेल्या. बरोबर मुलगी आली होती. शिडी धरून म्हणाली, "आई, उतर आता, मी बांधते." काकू वरूनच म्हणाल्या, "तू धर नीट. मला कामावर जायचंय उद्या."

त्या वाक्याचा मला जो आनंद झाला, तो ताशी दीडशेच्या वेगातही कधी झाला नसता.

हल्ली मी जुना दिसतो. कडेची चकाकी गेली आहे, उन्हानं थोडा पिवळसरही झालोय. माझ्यानंतर निघालेले सगळे नग दुमडलेल्या कडेचे आहेत, आणि वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की काकू त्याला आधी घडी घालायला शिकवतात. वारा अजूनही मला ओळखत नाही. न का ओळखेना.

तुम्हांला एकच सांगणं आहे. रस्त्यात माझ्यासारखा एखादा दिसला तर लांबून चमक बघून पुढे जाऊ नका. जवळ या, कडेला नख लावून बघा. आणि कुणी एखाद्या मालावर लाल फुली मारायला निघाला, तर आधी ज्यानं तो केला त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.

चला, सासूबाईंची खुर्ची काढायची वेळ झाली. दार वर चाललंय. बघा हं, आता मी गादीवर टेकेन आणि आवाजसुद्धा येणार नाही.