सात वक्ते आणि सहाची गाडी

आमच्या आळीत कुणी परगावाहून जरा काही करून आलं की आम्ही त्याचा सत्कार करतो. त्याची इच्छा विचारायची पद्धत नाही.

२००६ च्या ऑगस्टात माझी पुतणी ऋजुता लेबनॉनच्या लढाईतून सुटून रत्नागिरीला आली. वय तेवीस. लग्न होऊन बैरूतला गेली, तेव्हा हातखंब्याला एसटी बदलायचीसुद्धा तिला धास्ती वाटायची. बॉम्ब पडायला लागले तेव्हा नवरा कंपनीच्या कामाला दुबईत. शेजारची केरळी नर्स हॉस्पिटल सोडायला तयार नव्हती. तिने आपली चार वर्षांची अम्मू हिच्या कडेवर दिली. म्हणाली, "माझ्या आईच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नको." हिने शब्द दिला. अकरा दिवस शाळेच्या तळघरात काढले, मग पावाच्या टेम्पोतून बंदर, जहाज, विमान, मुंबई. वाटेत अम्मूला ताप भरला म्हणून दोन दिवस आमच्याकडे.

केरळची गाडी संध्याकाळी सहाला. दुसऱ्या दिवशी कोट्टायमच्या स्टेशनवर आजी येणार होती.

सत्कार त्याच दिवशी चारला. वक्ते सात, ज्येष्ठतेनुसार. सत्कारमूर्ती शेवटी. मानपत्र मी लिहिलेलं, त्यात 'रणरागिणी' तीनदा.

सव्वापाचला चौथे वक्ते हरिश्चंद्रराव 'शौर्य म्हणजे काय' इथवर आले आणि रणरागिणी उठली.

"बस गो, शाल बाकी आहे," तिचे वडील आप्पा कुजबुजले. "गाडी उद्याही आहे."

"आजी उद्याच येऊन उभी राहणार, आप्पा."

"मग देवदत्तदादा नेईल पोरीला. तू दमल्येस."

"दादाच्या हातात द्यायचं कबूल केलेलं नाही."

आप्पांना ती उलट बोलल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनाही आठवत नसावं. ती झोपलेल्या अम्मूला घेऊन थेट व्यासपीठावर गेली.

"हरिश्चंद्रकाका, तुमचं चालू दे. शाल तेवढी आत्ता देता? हिला पावसात गुंडाळायला."

हरिश्चंद्ररावांनी मुकाट्याने दिली.

रिक्षात मी विचारलं, "घाबरली नाहीस गो बैरूतला?"

"घाबरले ना! पण मी रडले की अम्मू रडायची, आणि ती रडली की सगळं तळघर. म्हटलं, रडायचं ते संडासात जाऊन. तिथे ही मोठी रांग! माझी पाळी येईपर्यंत रडू निघून जायचं."

मी मानपत्र पिशवीत आणखी खाली सारलं.

गाडी लागली तेव्हा आप्पा धापा टाकत आले, हातात बॅग. "मी येतो."

"बीपीची गोळी घेतलीत?"

"राहिली."

"मग आधी चढा. पाणी माझ्याकडे आहे."

लेकीला कधी दोन पावलं पुढे चालू न देणारा माणूस तिच्या मागोमाग डब्यात चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "काका, दिली. आजीच्याच हातात." मागे एक म्हातारी हुंदके देत होती आणि एक लहान आवाज तिची समजूत घालत होता.

फोन ठेवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, ऐकायला जमलेलं सगळं घर उभं होतं. बसा म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मीही उभाच होतो.