निळीचा थर

अमीरबीने आयुष्यात एकदाच कुणासमोर चेहरा धरून बसणे पत्करले, आणि तेही लेकीच्या परीक्षेसाठी. दातांच्या दवाखान्याचे निमित्त करून ती पाटसहून पुण्याला आली आणि कला महाविद्यालयाच्या शिल्प विभागात, खिडकीपाशी, स्टुलावर अवघडून बसली. समोर तहमीना ओल्या मातीतून तिला घडवत होती.

"नाक केवढं केलंस गं? भज्यावानी!"

"आहे तेवढंच केलंय, अम्मी. हलू नको."

"हलत न्हाई. हसती हाय."

ते हसू तहमीनाने मातीच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात अंगठ्याने अलगद दाबून ठेवले.

माती टिकत नाही. तिच्यावरून प्लास्टरचा साचा घ्यावा लागतो. साच्याचा चेहऱ्यालगतचा पहिला थर निळीच्या पाण्यात कालवायचा, म्हणजे पुढे छिन्नीने साचा फोडताना निळा रंग दिसला की हात सावरता येतो. नीळ अमीरबीनेच दिली होती, घरच्या पांढऱ्या कपड्यांसाठी आणलेल्या डबीतली. साचा घेऊन झाला. आतली माती उकरून तहमीनाने हौदात परत टाकली. आता साच्याला आतून साबण लावायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचे, एवढेच उरले होते. साबण नसला तर प्लास्टर प्लास्टरला धरते, ते मग कुणाच्याने सुटत नाही.

त्याच संध्याकाळी निरोप आला. पाटसला परतलेली अमीरबी धुणे वाळत घालता घालता अंगणात कोसळली होती.

पाटसला बायकांनी तहमीनाला मय्यतीच्या आंघोळीसाठी आत बोलावले. मावशीने तिच्या हाती साबण दिला. कपाळ, पापण्या, कानामागची खोलगट जागा, ओठांचा डावा कोपरा. कुठे काही सुटू नये म्हणून तिने बोटांनी सावकाश साबण लावला.

चाळिसावा उरकून ती निघाली, तेव्हा अब्बा एसटीच्या खिडकीशी उभे होते. साच्याचे तिने त्यांना सांगितले होते. "घरात तिचा एक फोटो न्हाई. मतदानाच्या कार्डावर हाय, त्यात निस्ता काळा डाग. तेवढं तोंड आण, बाळा."

हौदातल्या मातीचा तोवर कुणी घोडा केला होता. साचा मात्र जागेवर होता. वर्गमित्र सत्यजीत प्लास्टर कालवता कालवता म्हणाला, "साबण लावलास ना?"

"लावला."

ते खोटे नव्हते. तिच्या हातांना नीट आठवत होते.

दुसऱ्या दिवशी छिन्नीखाली पांढरा थर उडाला, निळा दिसला. तिने हात सावरला. निळे आता कवचासारखे सुटून यायला हवे होते. ते सुटेना. तिने हलकेच ठोकले, आणि नाकाचा टवका निळीसकट निघून पायाशी पडला.

तेव्हा तिला कळले, साबण कोणत्या चेहऱ्याला लागला होता ते.

सत्यजीतने तिच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

गोणपाटात बांधलेले ते ओझे मांडीवर घेऊन ती पाटसला आली. अब्बांनी गाठ सोडली. निळसर, ओबडधोबड गोळा. नाकाच्या जागी पांढरी खळगी. तिने सगळे सांगितले. ते बराच वेळ त्यावरून तळवा फिरवत राहिले.

"आत हाय न्हवं ती?"

"हाय, अब्बा."

"हसती हाय?"

"डाव्या कोपऱ्यात."

"मंग ऱ्हाऊ दे," गोणपाट पुन्हा वर ओढीत ते म्हणाले. "आता तिला उकरू नगं."